राखेचं कलम आणि ताईचा हुरडा

डिसेंबर लागला की नागपुरात संत्री स्वस्त होतात आणि भाड्याच्या खोल्या महाग. हिवाळी अधिवेशन येतं ना गावात! वर्षभर ज्या खड्ड्याला आम्ही नमस्कार करून गाडी काढतो, तो एका दिवसात बुजतो. दुभाजकांना रंग लागतो. आणि मुंबईहून माणसं उतरतात ती स्वेटर घालूनच. थंडी असो नसो, बॅगेत घालून आणलाय तर अंगावर चढवायलाच पाहिजे. आमच्या घराची वरची खोली आम्ही याच दिवसांत भाड्याने देतो. आजवर वार्ताहर राहिले, मोर्चेवाले राहिले, एकदा एका मंत्र्याचा स्वयंपाकी राहिला, तो तेवढा सज्जन होता.

त्या वर्षी आला तो एक गुळगुळीत दाढीचा तरुण. स्वतःला सल्लागार म्हणवायचा. कुणाचा रे बाबा सल्लागार, विचारलं तर म्हणायचा, "ऊर्जा क्षेत्राचा, काकू." क्षेत्र म्हटलं की मला रामटेक आठवतं. तिथं निदान प्रसाद तरी मिळतो. शेवटी एकदा चहा पिताना त्यानंच उलगडा केला, "काकू, मी लॉबिंग करतो." मला वाटलं, मोठ्या हॉटेलच्या लॉबीत बसायचं काम असेल. तसं माझं फार चुकलं नव्हतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो तिथंच जाऊन बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्या आमदाराच्या पुढ्यात उभा राहायचा, आणि संध्याकाळी पाय चोळत परत यायचा. बरोबर संत्रा बर्फीचे डबे. नागपुरातल्या दुकानातून बर्फी घ्यायची आणि नागपुरातच वाटायची. याला म्हणे संबंध जोपासणं म्हणतात.

तो खाजगी वीज कंपन्यांच्या संघटनेकडून आला होता. त्या अधिवेशनात विजेसंबंधी एक विधेयक होतं आणि त्यातलं एक कलम कंपन्यांच्या घशात अडकलं होतं. गोष्ट साधी आहे, शाळेतल्या पोरालाही कळेल. कोळसा जाळला की वीज होते आणि राख उरते. राख पाण्यात कालवून मोठ्या तळ्यात साठवतात. तळं सुकलं की ती उडते. ट्रकमध्ये भरून नेतात, ट्रक उघडा असला की ती उडते. कलमात म्हटलं होतं की तळं ओलं ठेवा, ट्रक झाकून न्या, नाही तर सरकारकडे जादा शुल्क भरा. बस्स, एवढंच.

"काकू, हे कलम पास झालं तर कंपन्या कोलमडतील," तो मला म्हणाला. "वीज महागेल. गुंतवणूक दुसऱ्या राज्यात जाईल. शेवटी अंधार होईल हो, अंधार!"

"ताडपत्रीनं?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी बारावी नापास आहे. मग समजावून सांगितलं की आमचा विरोध नाहीच, आम्हाला फक्त एक शब्द हवाय. "राख शक्यतो झाकून न्यावी." शक्यतो. एवढ्या एका शब्दासाठी माणूस विमानानं येतो, खोली घेतो, बर्फी वाटतो. आमच्याकडे 'शक्यतो' फुकट मिळतो. नळाला पाणी शक्यतो येतं, सिटी बस शक्यतो थांबते.

आता ताईचं सांगते. माझी मोठी बहीण सावनेरकडच्या एका लहान गावात दिली आहे. थोडं वावर आहे, पण तिचं घर चालतं ते वाळवणावर. कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या, पापड. गावातल्या बायका तिच्या अंगणात आणि गच्चीवर राबतात, उन्हाळाभर बाजांवर धोतरं अंथरून वाळवण घालतात, आणि वर्षभर तो माल नागपुरात विकतात. ताईच्या हातची मूगवडी ज्यानं खाल्ली तो दुकानातलं पाकीट पुन्हा उघडत नाही. पण गावाशेजारी एका खाजगी कंपनीचं वीज केंद्र झालं, आणि त्यानंतर वाळवण करडं व्हायला लागलं. पांढरीशुभ्र कुरडई संध्याकाळी उचलावी तर हाताला कचकच. धरमपेठेतल्या एका बाईनं पुडा उलटासुलटा करून विचारलं, "ही नाचणीची आहे का हो?" ताईला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, "नाई जी, राखेची हाये." त्या बाईनं पुन्हा पुडा घेतला नाही.

"हा उन्हाळा पाहीन," ताई मला म्हणाली होती. "औंदा राख थांबली तं ठीक, नाई तं बाजा उभ्या करून ठेवीन. लोकाइले माती काहून खाऊ घालू?" म्हणून त्या कलमावर तिचा जीव टांगलेला होता. विधेयक कशाशी खातात हे तिला माहीत नव्हतं, पण ते कलम तिला तोंडपाठ होतं. सरपंचाकडून ऐकून घेतलं होतं तिनं, दोनदा.

एका सकाळी ती वड्या द्यायला माझ्याकडे आली होती. ओट्यावर आम्ही बसलेल्या, आणि हा सल्लागार जिन्यात उभा राहून फोनवर किंचाळत होता. आमदारांना हुरडा पार्टी द्यायची होती आणि ठरलेलं शेत ऐनवेळी दुसऱ्या कुणी पळवलं होतं. अधिवेशनात हुरड्याच्या शेताला केवढी मागणी! मुंबईकडच्यांना विदर्भ समजून घ्यायचा असतो, आणि तो त्यांना शक्यतो भाजलेल्या कणसातून समजतो.

फोन ठेवला तशी ताई उठली. पदर सावरून म्हणाली, "आमच्या वावरात या न जी. कोवळी ज्वारी हाये. भरीत करू, ठेचा करू, दही घरचं हाये."

तो तर पायऱ्या उतरून तिच्या पाया पडायच्या बेतात. "शेत गावापासून लांब नाही ना? रस्ता चांगला?"

"रस्ता एकदम मस्त जी. ट्रक जातेत त्याच्यावरून."

गावाचं नाव तिनं सांगितलं, आणि याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ज्या कंपनीसाठी हा पठ्ठ्या रात्रंदिवस भांडत होता, तिचं केंद्र कोणत्या गावाला लागून आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं! राखेवर तो तासभर बोलू शकत होता. राख पाहिली नव्हती त्यानं.

तो गेल्यावर मी ताईला धरलं. "डोकं फिरलं का वं तुझं? त्याइच्याच लोकाइले जेवू घालतं?"

"तू चूप राय वं. दुपारी ट्रकाइची रांग लागते न त्या रस्त्यानं? ताटात पडू दे. मले बोलाचीबी गरज नाई."

तरी बोलायचंही ठरलंच. एक वाक्य आम्ही दोघींनी मिळून तयार केलं. "साहेब, राखेनं आमचं वाळवण मेलं, ते कलम तसंच राहू द्या." ताईनं भांडी घासताना ते घोकलं, बसस्टॉपवर घोकलं. लग्नात उखाणासुद्धा तिनं इतका घोकला नव्हता.

पार्टीच्या दिवशी मी सकाळीच गेले. ताईनं आणि बायकांनी वावरात सतरंज्या अंथरल्या, खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली. दुपारी गाड्या आल्या. पांढरेशुभ्र कपडे उतरले, त्यांच्यामागून सल्लागार उतरला, त्याच्यामागून बर्फीचे डबे. मुख्य पाहुणा म्हणजे एक आमदार, ज्यांचं म्हणे सभागृहात वजन होतं. वजन दिसतच होतं.

हुरडा कसा करतात हे ज्याला माहीत नाही त्याला सांगते, कारण सगळी गोम तिथंच आहे. हिरवं कणीस आरात खुपसतात, गरम गरम हातावर चोळतात, दाणे सुपात पडतात, वरची राख फुंकरीनं उडवतात. सगळी उडत नाही. थोडी राहते, ती खायचीच. हुरड्याला राख असणारच.

ताईच्या हे ध्यानात आलं नव्हतं, आणि माझ्याही आलं नव्हतं. दोघी अकलेचे कांदे!

ट्रक आले. उघडेच, वरपर्यंत भरलेले. एकामागून एक असे गेले की रस्त्याकडून करडं धुकं उठलं आणि वाऱ्यानं अलगद आमच्यावर आणून टाकलं. दह्यावर पडलं, भरतावर पडलं, आमदारांच्या खांद्यावर पडलं. आता बोलतील, आता विचारतील.

आमदारांनी मूठभर हुरडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात हुरडा! राखेतला! तिकडं आम्हाला मिळतो तो धुतल्यासारखा असतो."

"दह्यालाही काय स्मोकी वास आहे," दुसरा म्हणाला.

"राख म्हणजे औषध. आमचे आजोबा दात घासायचे राखेनं."

एक तर चमच्यानं दह्यावरची करडी साय बाजूला न करता ढवळूनच प्यायला. आणखी मागितलं त्यानं. बाप्पा! मी आयुष्यात पुष्कळ खादाड पाहिले, पण वीज केंद्राची राख आवडीनं चाटणारे तेच पहिले. खोकला फक्त एकालाच झाला, आमच्या सल्लागाराला. तो रुमाल नाकाला लावून गाडीत जाऊन बसला. त्याला म्हणे धुळीची ॲलर्जी होती.

मी ताईला कोपरानं ढोसलं. "बोल न आता!"

"जेवून राहिले न ते. जेवत्या माणसाले कायले बोलतं? तो घास अंगी लागत नाई."

बरं. जेवण झालं. मग हात धुणं झालं, तेव्हा पाणी घालत होती तीच, त्यामुळे बोलता आलं नाही. मग त्यांचा फोन वाजला. मग गावातल्या कुणीतरी बायपासच्या कामाचं काढलं. मग सगळ्या बायकांबरोबर फोटो झाला, आमदार मध्ये, हातात कणीस. आणि मग ते गाडीकडे निघालेच. ताई जवळजवळ धावली. तिचे ओठ हलताना मला दिसत होते, वाक्य अगदी जिभेवर आलेलं. आमदार वळले, दोन्ही हात जोडले, आणि मोठ्या नम्रपणे म्हणाले, "ताई, फार त्रास झाला तुम्हाला."

आणि आमच्या ताईच्या तोंडून काय यावं?

"नाई जी, त्रास कसला! या अजून."

झालं. गाडीचं दार लागलं. तिला दोष तरी काय द्यायचा? आमच्या घरात आईनं पोरींना बोलायला शिकवलं तेव्हाच हे शिकवलं. पाहुणा म्हणतो त्रास दिला, आपण म्हणायचं त्रास कसला. पाहुण्यानं घरातला खांब उपटून नेला तरी म्हणायचं. त्याला उत्तर म्हणत नाहीत, ते आपोआप येतं, शिंक येते तसं. मी कपाळावर हात मारला. ताई ट्रकच्या रस्त्याकडे पाहत उभी होती.

"जाऊ दे वं," ती म्हणाली. "राख दिसली न त्याइले. आंधळे थोडीच हायेत."

विधेयक चर्चेला आलं त्या दिवशी ती माझ्याकडे आली. टीव्हीवर सभागृहाचं कामकाज दाखवत होते. आम्ही दोघी सोफ्याच्या कडेवर. एक-दोघं कलमाच्या बाजूनं बोलले, बरं बोलले. मग आपले हुरडेवाले उठले. ताईनं माझा हात धरला. ओळखीचा माणूस, आपलं खाल्लेला माणूस.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "मी वातानुकूलित खोलीत बसून बोलणारा माणूस नाही. मी प्रत्यक्ष त्या गावात गेलो. केंद्राच्या सावलीत, शेतात, मातीवर बसलो. ग्रामस्थांबरोबर जेवलो. माझ्या पानात राखेचा कण नव्हता, अध्यक्ष महोदय, जो होता तो हुरड्याचा होता." इथं हशा पिकला. "आणि मी तिथल्या एका माउलीला त्रासाबद्दल विचारलं. ती माउली हसून काय म्हणाली माहीत आहे? नाही साहेब, त्रास कसला, या अजून!"

बाकं वाजली. माझा हात ताईच्या हातात होता, तो इतका आवळला गेला की बांगडी रुतली.

"अवं पण मले 'झाला' म्हणे तो!" ती उभीच राहिली टीव्हीपुढं. "त्रास झाला म्हणे! आताबी होते का, असं कुठं इचारलं त्यानं? ते स्वयंपाकाचं होतं वं! ते राखेचं नव्हतं!" टीव्हीतल्या माणसाला ती बोट दाखवून सांगत होती, आणि तो पुढच्या मुद्द्यावर गेला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. असा संताप मला कधी आला नव्हता. माझ्या बहिणीचं सौजन्य त्यानं उचललं आणि तिच्याच नरड्यावर ठेवलं.

कलम मंजूर झालं. तळं शक्यतो ओलं ठेवावं, ट्रक शक्यतो झाकावा, आणि शुल्क गेलं.

संध्याकाळी सल्लागार उड्या मारत आला. हातात बर्फीचा डबा, हा खास आमच्यासाठी. ताई बसलेली पाहून तर त्याला भरून आलं. "ताई, तुमच्यामुळे झालं हो सगळं! तुमचं ते एक वाक्य! मी आठवडाभर मुद्दे लिहून देत होतो, कुणी वाचले नाहीत." आणि तो मनापासून बोलत होता, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. त्याला खरंच वाटत होतं की ताईला आनंद होईल.

मी डबा त्याच्या हातात परत कोंबला. "खोली रिकामी करा," म्हटलं, "आत्ताच्या आत्ता!"

"हो काकू, उद्या निघतोच आहे. अधिवेशन संपलं ना."

अशांवर चिडायचीही सोय नसते.

पुढं काय? पेपरात आलं की वीज कंपन्यांना दिलासा. त्यांचे शेअर वधारले. विधेयकामुळे वीज महागणार होती ते टळलं असं म्हणतात, आणि काही महिन्यांत वीज महागलीच, त्याचं कारण दुसरं होतं म्हणे. केंद्राच्या फाटकावर हिरव्या पानाचं चित्र आलं. ट्रकांना ताडपत्र्या मात्र खरंच मिळाल्या. मी स्वतः पाहिलं. एका ड्रायव्हरनं नीट घडी घालून बुडाखाली घेतली होती. मी विचारलं, "काहो भाऊ, झाकत काहून नाई?" तो म्हणाला, "झाकाचीच हाये बाई, पन शक्यतो." कायदा त्याला आमच्यापेक्षा चांगला समजला होता.

चैत्रात ताईनं पहिली कुरडई घातली. वर पातळ धोतर झाकलं, तर खाली वाळेना. धोतर काढलं, तर करडी. तो सगळा घाणा तिनं उकिरड्यावर टाकला आणि बाजा भिंतीला उभ्या केल्या, म्हणाली होती तशा. तिच्याबरोबरच्या बायका आता पहाटेच्या गाडीनं नागपूरजवळच्या वाडीला जातात, तिथल्या गोदामात खोकी चिकटवायला. जाताना ताईच्या अंगणाकडे पाहत नाहीत. ताई रडली नाही. ती बदलली.

म्हणजे असं की, कुणीही उठताना म्हणालं, चला, त्रास दिला तुम्हाला, की ती म्हणायची, "दिला." बस्स. हसायची नाही. व्याही आले होते, त्यांनाही म्हणाली. व्याही अजून रुसलेले आहेत. भजनाच्या बायकांना म्हणाली. मी एकदा सवयीनं बोलून गेले, "येतो वं बाई, त्रास झाला तुले," तर मलाही म्हणाली, "झाला. पन तुह्या त्रासाची सवय हाये." गावात लोक तिच्या घरी चहा प्यायला घाबरायला लागले. मी समजावलं, की अगं, रीत असते. ती म्हणाली, "रीतीनंच खाल्लं न मले."

पुढच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. कंपनीला केंद्र वाढवायचं होतं, म्हणून गावाचं मत घ्यायला एक साहेब आले. चपला ओट्याखाली काढल्या, चहा घेतला, आणि पुष्कळ विचारलं. संडास आहे का, मोबाइल आहे का, मुलं शाळेत जातात का. राखेचा प्रश्न त्यांच्याजवळ नव्हता. ताई एकेका शब्दात उत्तर देत गेली. मग त्यांनी पेन खिशाला लावलं, उठले, ओट्याच्या कडेला येऊन दोन्ही हात जोडले.

"येतो ताई. उगाच त्रास दिला तुम्हाला."

मी कप उचलत होते, तशीच थांबले.

"हो जी," ताई ओट्याखाली उतरत म्हणाली. "लिहा."

साहेब हसले. त्यांना वाटलं, खेड्यातल्या बाईचा विनोद. चप्पल घालायला वाकले तेव्हा त्यांना दिसलं की त्यांच्या एका चपलेवर ताईचा पाय आहे. नऊवारीतला, भेगाळलेला, राखेनं करडा. ती पाय काढेना. ते तिच्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे, मग रस्त्याकडे, जिथून एक ट्रक चालला होता. शेवटी त्यांनी पेन काढलं.

"बरं, सांगा. त्रास झाला, असं लिहू?"

"झाला नाई," ताई म्हणाली. "होते, रोज. नीट लिहा."